सावरीचा कोट

त्या मुलखात उघड्या अंगाने कोणाला दरबारात जाता येत नसे, आणि अंगावर जे असेल त्याचे नाव दरबारी भाषेत सांगता आले नाही तर ते वेशीवर उतरवून घेतले जाई.

हा नियम पांढऱ्या हंसांनी केला होता. हंस समुद्रापलीकडून आले, पुष्कळ वर्षे राहिले आणि एका हिवाळ्यात उडून गेले. जाताना त्यांनी धान्य नेले, मोती नेले. कपडे आणि भाषा तेवढी मागे राहिली. मग तरसांनी दरबाराचा ताबा घेतला. हंसांचे झगे त्यांना मानेपाशी घट्ट आणि पाठीवर सैल होत. तरी ते त्यांनी चढवले, आणि भाषाही तशीच चढवली. हंसांच्या वेळी एखादा म्हातारा किंवा लेकुरवाळी वेशीवरून नुसती हात जोडून आत जाऊ शके. तरसांनी ते बंद केले. कोणी आपल्याला कच्चे म्हणू नये, याची त्यांना फार काळजी होती.

दरबार टेकडीवर होता. तिथेच दरबारी कपडे रंगवण्याचे मोठे हौद होते, आणि हौदातले वापरलेले पाणी खाली नदीत सोडले जाई. नदीच्या पहिल्या वळणावर पाणमांजरांचा डोह होता. पूर्वी तो हिरवागार असे. हौद सुरू झाल्यापासून टेकडीवर जो रंग चाले तोच डोहात उतरू लागला. काही दिवस तो निळा राहिला, मग लाल झाला. मासे उताणे होऊन वर येऊ लागले. पिल्लांच्या डोळ्यांवर पांढरा पापुद्रा धरू लागला, आणि ज्याच्या डोळ्यावर तो एकदा धरला त्याला पुन्हा दिसत नसे.

पहिल्यांदा दरबारात गेला तो भिवा. तो डोहावरचा वडीलधारा होता. पाणमांजरे कपड्यांची फारशी भोक्ती नव्हती, पण लग्नकार्यात म्हातारे मुंडासे बांधत आणि थंडीत घोंगडी पांघरत. भिवाने दोन्ही अंगावर घेतले आणि तो टेकडी चढला. वेशीवर बगळा उभा होता. एका पायावर उभे राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याची तपासणी करी.

"डोक्यावरचं काय आहे?" बगळ्याने विचारले.

"मुंडासं बांधलंय, साहेब. आणि ही घोंगडी पांघरलीय."

"बांधतात ते गाठोडं," बगळा म्हणाला. "आणि पांघरणं म्हणून आमच्या भाषेत काही नाही. जे नाही ते तू अंगावर घेऊन कसा आलास?"

दोन्ही वस्त्रे उतरवून घेण्यात आली. मग भिवा उघडा झाला म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. डोहावर आल्यावर त्याने घडले ते थोडक्यात सांगितले. त्यानंतर फार काळ चारचौघांत बोलायला तो पुढे झाला नाही.

भिवाची धाकटी बहीण सावरी. तिला झिपरी नावाची एकच पोर होती. झिपरीच्या उजव्या डोळ्यावर पापुद्रा धरला, तेव्हा सावरी म्हणाली, "मी जाते. पण आधी त्यांची भाषा शिकते."

दरबारी भाषा शिकवणारी एक साळुंकी नदीकाठच्या जांभळीवर राहत होती. हंसांच्या ओसरीवर तिचे बालपण गेले होते, आणि ही गोष्ट ती प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगे. रोज एक जिवंत मासा ही तिची फी होती. डोहात मासे आता क्वचित मिळत. सावरी पहाटेपासून बुड्या मारी, आणि जो एखादा मासा हाती लागे तो झिपरीच्या समोरून जांभळीकडे नेई.

"आमच्याकडं लुगडं नेसतात, बाई," पहिल्या दिवशी सावरी म्हणाली. "सदरा घालतात. फेटा बांधतात. फूल माळतात, बांगड्या भरतात, शाल पांघरतात. यांना काय काय म्हणायचं?"

"एकच म्हणायचं," साळुंकी म्हणाली. "वेअर."

"सगळ्याला?"

"सगळ्याला. चष्मा वेअर, जोडे वेअर. अत्तर लावलं तरी वेअर. चेहऱ्यावर हसू ठेवलं तरी तेही वेअरच."

"आणि उतरवायचं असलं तर?"

"टेक ऑफ. तेही सगळ्याला एकच."

सावरीला हायसे वाटले. इतके सोपे असताना भिवादादा परत कसा आला, असेही तिच्या मनात आले. पण हळूहळू त्या एका शब्दामागून बारीक काटे निघू लागले. कपडा अंगावर चढवत असताना पुट ऑन, आणि चढवून झाल्यावर वेअर. दोन्हींत घोटाळा झाला की साळुंकी कानाच्या पाळीवर चोच मारी. विजार एकच, पण ती अनेकवचनात बोलायची. ट्राउझर म्हटले तर वेशीवर हसू होते, ट्राउझर्स म्हणायचे. मापाला बसते ते फिट होते आणि अंगाला शोभते ते सूट होते.

"एखादं मापाला बसलं आणि शोभलंच नाही तर?" सावरीने विचारले.

साळुंकीने इकडे तिकडे पाहिले. "दरबारात हे कोणाला विचारू नकोस," ती म्हणाली.

एकदा सावरीने विचारले, "बाई, पाण्याला काय म्हणतात? आणि माशाला?"

"वेशीवर ते विचारत नाहीत. मी वेशीपुरतं शिकवते. जास्तीचं डोक्यात भरलंस तर कामाचं बाहेर पडेल."

साळुंकीने आणखी एक अट घातली. परीक्षा होईपर्यंत सावरीने घरीसुद्धा आपली बोली बोलायची नाही. दोन भाषा एका तोंडात राहिल्या की दरबारी भाषेला वास लागतो, असे ती म्हणे. सावरीने ते मानले. ती बिळात गप्प बसू लागली, आणि बोलली तर कपड्यांची नावे घोकू लागली.

हिवाळा सुरू झाला. एका संध्याकाळी झिपरी बिळाच्या तोंडाशी कुडकुडत बसली होती. तिच्या डाव्या डोळ्यावरही आता पापुद्रा आला होता.

"आये, गारठा वाजतोय," ती म्हणाली. "मला पांघर."

सावरी चटईकडे गेली. लव्हाळ्याची ती चटई तिने उचललीही. पण पोरीला काय म्हणावे ते तिला सुचेना. जे ती करणार होती त्याला दरबारी भाषेत शब्द नव्हता, आणि जवळात जवळ जो होता तो तिने वापरला.

"पुट ऑन," ती म्हणाली.

"काय?"

"पुट इट ऑन."

झिपरीला वाटले, आई रागावली आहे. ती सरकत सरकत बिळाच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच अंगाचे मुटकुळे करून पडली. सावरी चटई हातात धरून उभी राहिली. भिवाने ती तिच्या हातातून घेतली आणि पोरीला पांघरली.

"हिला भूक लागली तर हिनं कुठल्या भाषेत सांगायचं?" त्याने विचारले.

सावरीने अट मोडली. "दादा, पाणी एकदा हिरवं होऊ दे," ती हळू आवाजात म्हणाली. "मग आयुष्यभर तिच्याशी आपलंच बोलेन."

थंडी सरता सरता साळुंकीने तिला तयार असल्याचे सांगितले. टेकडीवरच्या धुण्यातून कधी कधी कपडे सुटून वाहत येत. त्यातले बरे निवडून सावरीने ठेवले होते. एक शर्ट, एक विजार, गळ्याशी घ्यायचा एक रेशमी रुमाल आणि पायमोज्यांचा जोड. ते सारे चढवून ती वेशीवर गेली. तिच्या पुढे एक कासव होते. त्याने गळपट्ट्याचे नाव चुकवले, आणि तो काढून घेताना त्याची मान बराच वेळ ओढली गेली. मग सावरीची पाळी आली.

बगळ्याने शर्टाला चोच लावली, तिने नाव सांगितले. विजारीला लावली, तिने अनेकवचनात सांगितले. हे तू कधी चढवलेस, आता ते अंगावर आहे त्याला काय म्हणशील, तुला ते मापाला होते का, तुला शोभते का, असे त्याने उलटसुलट विचारले. सावरी कुठेच अडखळली नाही. बगळ्याने उचललेला पाय खाली टेकला. डोहाकडच्या कोणासाठी त्याने तो आजवर टेकला नव्हता.

"चल," तो म्हणाला, आणि स्वतः तिला आत घेऊन गेला.

वेशीमागे लांबलचक ओसरी होती आणि ओसरीच्या शेवटी सभागृहाचे दार. दाराशेजारच्या भिंतीवर खुंट्या होत्या. बगळा तिथे थांबला.

"कोट बाहेर काढून ठेवावा लागतो," तो म्हणाला.

आपण कोट वेअर केलेला नाही, हे सावरीने दरबारी भाषेत बिनचूक सांगितले.

बगळ्याने तिच्या शर्टाची बाही चोचीने वर सारली आणि मनगटाजवळची दाट तपकिरी लव चिमटीत धरली. "हा काय मग?"

"ही माझी लव आहे, साहेब. अंगचीच आहे."

"दरबारी भाषेत हिला कोट म्हणतात. घोड्याचा कोट, कुत्र्याचा कोट, पाणमांजराचाही कोटच. तुझ्या बाईंनी सांगितलं नाही?"

बाईंनी सांगितले नव्हते. सावरीने भिंतीकडे पाहिले. एका खुंटीवर काळे, राठ काहीतरी लोंबत होते. त्याला अस्वलाचा वास होता. त्याच्या पलीकडे ठिपक्याठिपक्यांचे काहीतरी होते, आणि त्याच्याही पलीकडे सशाचे असावे तेवढे लहानसे.

"साहेब, ही घातलेली नाही. ही माझ्याबरोबरच जन्मली."

"कुठून आला ते कोणी विचारत नाही. कोट असेल तर तो वेअर केलेला असतो, आणि वेअर केलेलं टेक ऑफ होतं. तुला भाषा येते, म्हणून समजावतोय. येत नसती तर वेशीवरूनच हाकललं असतं."

"तुमच्या अंगावर पिसं आहेत."

"पिसांना कोट म्हणत नाहीत," बगळा शांतपणे म्हणाला. "आत जायचं नसेल तर परत जा. तुझ्यामागं रांग आहे."

अंगचे आणि अंगावरचे यांतला फरक सांगणारा एखादा शब्द सावरीने शिकलेल्या सगळ्या शब्दांत शोधला. तो नव्हता. तिला झिपरीचे पांढरे डोळे आठवले. इतक्या दिवसांचे मासे आठवले, जे पोरीच्या पोटात गेले नव्हते. इथून परत फिरले तर ते सारे फुकट जाणार होते.

"परत जाताना मिळेल ना?" तिने विचारले.

"खुंटी त्यासाठीच असते."

तेव्हा सावरीने स्वतःच्या तोंडाने म्हटले, "टेक ऑफ."

ओसरीच्या कोपऱ्यात दरबाराचे शिंपी बसले होते. ते खेकडे होते. त्यांनी तिचे कपडे हलक्या हाताने उतरवले, घडी करून बाजूला ठेवले आणि मानेपासून कामाला सुरुवात केली. ते आपल्या कामात फार वाकबगार होते. लव मुळासकट, अखंड निघाली. सावरीने आवाज केला नाही, कारण ओरडायचे कसे हे तिला फक्त डोहाच्या बोलीत येत होते, आणि इथवर आल्यावर ती चूक करायची तिची तयारी नव्हती. मग तिच्या सोललेल्या अंगावर शर्ट आणि विजार पुन्हा चढवण्यात आली. दार उघडले.

आत तरस गाद्यांवर बसले होते. मधोमध थोरले सरकार होते. "बोल," ते दरबारी भाषेत म्हणाले. सभागृहात दुसरी कुठलीही भाषा ऐकून घेतली जात नसे.

सावरीने तोंड उघडले आणि तिच्या लक्षात आले की आपल्याला पाण्याचे नाव माहीत नाही. माशाचे नाही, विषाचे नाही, आंधळेपणाचे नाही. तिच्याजवळ होते ते सगळे कपड्यांचे शब्द होते. खिडकीतून खाली नदी दिसत होती. तिने तिकडे हात केला.

"ती लाल वेअर करते," सावरी म्हणाली. "रोज लाल. तिला ते सूट होत नाही. तिला टेक ऑफ करता येत नाही." तिने आपल्या डोळ्यांना हात लावला. "माझी लहान. ती इथं पांढरं वेअर करते. दोन्हीकडे. कोणीतरी पुट ऑन केलं. तुम्ही टेक ऑफ करा. प्लीज, टेक ऑफ."

मग मागच्या गादीवरून एका तरसाने टाळी वाजवली. दुसऱ्याने वाजवली. पाहता पाहता सगळे टाळ्या वाजवू लागले. काहींचे डोळे पाणावले होते.

"नदी लाल वेअर करते," थोरले सरकार हळूच पुन्हा म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली. "आपल्याला जन्मात सुचलं नसतं. या साध्या लोकांच्या तोंडात भाषा काय फुलते."

"तिला टेक ऑफ करा," सावरी पुन्हा म्हणाली. तिच्या शर्टाला आता ठिकठिकाणी ओल येत होती.

"किती गोड," एक तरशीण म्हणाली.

सावरीचा सत्कार करायचे ठरले. नारळ आणण्यात आला, शाल आणण्यात आली. शाल नवीकोरी होती, हौदातून नुकतीच निघालेली, लाल. थोरल्या सरकारांनी ती स्वतःच्या हाताने तिच्या खांद्यांवर घातली. रंग अजून पुरता वाळलेला नव्हता. तो जिथे टेकला तिथे सावरीला अंगावर निखारा ठेवल्यासारखे झाले, पण सभा उभी होती, म्हणून तीही ताठ उभी राहिली. नदीविषयी कोणी काही विचारले नाही. पुढच्या अर्जदाराला हाक गेली.

बाहेर तिची खुंटी रिकामी होती. ओसरीच्या उजेडात बसून खेकडे तिच्या लवेला आतून पिवळे अस्तर लावत होते.

"माझा कोट," सावरी म्हणाली.

"तुला शाल मिळाली ना," बगळा म्हणाला. "वरून घ्यायचं एकाला एकच. शिवाय तो कमरेत घेतलाय. आता तुला होणार नाही."

ती डोहावर पोहोचली तेव्हा ऊन उतरले होते. सवयीने ती सरळ पाण्यात शिरली आणि तशीच किंचाळत बाहेर आली. लवेवाचून पाणी तिच्या थेट मांसाला लागत होते. ती काठावर आडवी झाली. शाल पाठीला चिकटली होती. भिवाने ती पाण्याने भिजवून भिजवून सोडवायचा प्रयत्न केला आणि अर्धी सुटल्यावर सोडून दिली.

झिपरी वास घेत जवळ आली. तिने पंजा पुढे करून आईचा हात चाचपला आणि एकदम मागे घेतला.

"झिपरे, मी गं," सावरी म्हणाली. "मी आलेय. आता आपलंच बोलायचं."

"आवाज आयेचा आहे," झिपरी भिवाला म्हणाली. "पण ही आये नाही. आयेला केस होते." आणि ती मामाच्या मागे जाऊन बसली. पुढे कित्येक दिवस ती त्याच्याच कुशीत झोपली.

त्या हंगामात डोह पिवळा झाला.

पण टेकडीवरच्या सत्काराची बातमी नदीकाठाने सगळीकडे पोहोचली होती. डोहावरचे कोणीतरी आत गेले, बोलले, आणि आख्खी सभा त्याच्यासाठी उभी राहिली, असे सांगितले जात होते. एका सकाळी काही आया आपापली पिल्ले घेऊन सावरीच्या बिळाशी आल्या. त्यांच्यात पुढे होती ती शेवंता. तिच्या तिन्ही पोरांना अजून चांगले दिसत होते.

"आमच्या पोरांना शिकव," शेवंता म्हणाली.

भिवा मध्ये पडला. तो बऱ्याच काळाने चारचौघांत बोलत होता. "तिच्या अंगाकडं बघा. डोळे आहेत ना तुम्हाला?"

"बघितलं," शेवंता म्हणाली. "वाईट वाटतं, भिवादादा. पण ती आत गेली. तुम्ही वेशीवरनं परत आलात."

भिवाने सावरीकडे पाहिले. ती नाही म्हणेल अशी त्याला आशा होती. सावरीने डोहाकडे पाहिले. तिला पाण्यात उतरता येत नव्हते. मासा धरता येत नव्हता. जे कोणी देईल ते ती आणि झिपरी खात होत्या, आणि देणारे दिवसेंदिवस कमी होत होते.

"रोज एक मासा लागेल," ती शेवटी म्हणाली. "जिवंत."

शाळा काठावरच्या सपाट दगडावर भरू लागली. सावरी लाल शालीत बसून शिकवी. आपल्या वाट्याला जे आले ते या पोरांच्या वाट्याला येऊ नये, दारापाशी कोणी गोंधळून उभे राहू नये, म्हणून साळुंकीने जे शिकवलेच नव्हते तेच तिने सर्वांत आधी घेतले. पिल्ले एका ओळीत उभी राहत, आपल्या पोटावरची लव चिमटीत धरत आणि एका सुरात म्हणत, "हा माझा कोट. हा माझा कोट." ओळीच्या टोकाला झिपरी असे. तिला दिसत नव्हते, म्हणून तिला सगळे हाताने समजून घ्यावे लागे. इतरांचे म्हणून झाले तरी ती गळ्यापासून पोटापर्यंत पंजे फिरवत राही आणि गुंड्या शोधी.